उसनं अंग

छापखान्यात तिला सगळे रबर म्हणायचे. मालक यंत्रं सांभाळायचे, यंत्रावरचा माणूस शाई आणि कापड सांभाळायचा, आणि ही दिवसभर पडद्यासमोर बसून लोकांच्या फोटोंतलं नको ते खोडायची: मुरमं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, मागे जांभई देत उभा असलेला शेजारी. एकदा एका बाईंनी लग्नाचा फोटो आणला आणि यातला नवरा तेवढा काढून टाका म्हणाल्या. तिने काढला, आणि इतक्या सफाईने काढला की बाईंच्या शेजारची खुर्ची पहिल्यापासून रिकामीच असावी असं वाटावं. त्या दिवशी मालकांनी तिचं नाव पाडलं आणि ते चिकटलं.

यंदाचं मोठं काम मात्र खोडण्याचं नव्हतं, जोडण्याचं होतं.

शहरातले जे कुणी सैन्यात गेले आणि परत आले नाहीत, त्यांच्या नावांच्या पाट्या दरवर्षी महिनाभर हमरस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर लागायच्या. यंदा स्मरण समितीने ठरवलं की नुसती नावं नकोत, माणसं दिसू देत. प्रत्येक खांबावर एक उभा फलक, त्यावर मांडीपर्यंतचा फोटो, खाली नाव आणि साल. समितीचे अध्यक्ष सैन्यातून निवृत्त झालेले होते आणि सगळं गाव त्यांना कप्तान म्हणायचं. त्यांची अट एकच होती, पण ती त्यांनी मालकांना दोनदा ऐकवली होती.

"सगळे वर्दीत. सगळे सावधान. एक कोटात, एक बनियनवर, एक बागेत झाडाला टेकलेला, असलं काही चालणार नाही. रांग म्हणजे रांग."

बहुतेक घरांतून वर्दीतले फोटो आले. सात घरांतून आले नाहीत. कुणाकडे जुना फोटो भिजून गेला होता, कुणाकडे फक्त ओळखपत्रावरचा टिकलीएवढा चेहरा होता, आणि गॅरेजवाल्या काकांचा मुलगा तर भरती झाल्यावर दीड महिन्यात, प्रशिक्षणातच, नदी ओलांडण्याच्या सरावात गेला होता. त्याला वर्दी मिळाली होती. फोटो काढायचा दिवस पुढच्या आठवड्यात होता.

मालक म्हणाले, "रबर, या सातांना कुणाचं तरी अंग लाव."

हे म्हणायला सोपं होतं. चेहरा एका फोटोतला आणि धड दुसऱ्या फोटोतलं असलं की चोरी पकडून देतो तो उजेड. चेहऱ्यावर ऊन डावीकडून पडलेलं आणि छातीवर उजवीकडून, तर बघणाऱ्याला नक्की काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी खुपत राहतं. तिने नेटवर शोधून पाहिलं. एका फोटोत सावल्या करकरीत होत्या, दुसऱ्यात पट्टे भलत्याच देशाचे, तिसऱ्यातला माणूस इतका पीळदार होता की त्यावर कुणाचंही डोकं ठेवलं तरी सिनेमाची जाहिरात वाटली असती.

मग तिला दादाचा फोटो आठवला. दादा सैन्यातच होता. मागच्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी अंगणात तिने स्वतःच काढलेला फोटो. आभाळ भरून आलेलं होतं, त्यामुळे उजेड सगळीकडून सारखा, नाकाखाली सावली नाही, बटणांवर चमक नाही. असल्या उजेडातल्या अंगावर कुठलाही चेहरा बसतो. तिने दादाचं डोकं काढलं, नावाची पट्टी पुसली, तुकडीची खूण पुसली आणि फाइलला नाव दिलं 'वर्दी मोकळी'. मग एकेक चेहरा घेऊन मानेची जाडी, कातडीचा रंग, कॉलरची कड असं जुळवत गेली. दोन दिवसांत सातही उभे राहिले. मालकांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं आणि म्हणाले, "यांच्या आयांनाही कळणार नाही."

त्यांच्या आयांना कळलं नाही. हिच्या आईला कळलं.

आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती आणि जाता-येता हमरस्त्यावरूनच चालायची. गुरुवारी दुपारपर्यंत सगळे फलक लागले. संध्याकाळी रबर घरी आली तेव्हा आई ओट्याशी पाठमोरी उभी होती आणि नळ उगाच वाहत होता.

"चहा ठेवलायस का गं?" तिने विचारलं.

"दादाचा अंगणातला फोटो कुठे आहे?"

"माझ्याकडे. म्हणजे कम्प्युटरवर. का?"

"सात खांबांवर आहे," आई म्हणाली आणि नळ बंद केला. "आधी एक दिसला. मला वाटलं, भास. पुढे दुसरा दिसला. मग मी परत मागे जाऊन पहिल्यापासून मोजले."

रबर खुर्चीवर बसली. "कसं कळलं तुला?"

"अंगठा. मुठीत अंगठा कोंबून उभा राहतो तो. पाळण्यात होता तेव्हापासून. नऊ महिन्यांचा होता तेव्हा मी ओढून काढायचे, तो परत आत घालायचा. तू नाव पुसलंस, खुणा पुसल्यास, अंगठा तेवढा ठेवलास."

ते खरं होतं. ती चेहऱ्यात आणि कॉलरमध्ये इतकी गुंतली होती की हाताकडे तिने पाहिलंच नव्हतं.

"आई, ते दादाचं अंग राहिलंच नाही आता. नुसते रंगाचे ठिपके आहेत. आणि तू तर असलं काही मानत नाहीस."

"मी कुठे म्हणाले अपशकुन होतो? अपशकुनाचं मला काही कळत नाही. मला एवढंच कळतं की पोरगा तिकडे डोंगरावर उभा आहे, महिनाअखेरीशिवाय फोन नाही, आणि मी इकडे रोज कामाला जाताना त्याच्या धडावर सात दुसरी डोकी बघायची. आणि ती डोकी कुणाची? जे गेले त्यांची." तिने हात पदराला पुसले. "तुझ्या ठिपक्यांना मी जन्म दिलेला नाही."

बाबा लांबच्या गाडीवर ड्रायव्हर होते. रात्री त्यांचा फोन आला तेव्हा त्यांनी आपल्या परीने समजूत काढली. फोटोने माणसाला काही होत असतं तर माझ्या लायसन्सवरच्या फोटोने मी कधीच गेलो असतो, म्हणाले. एरवी आई हसली असती. तिने फोन रबरच्या हातात दिला आणि अंथरुणं घालायला गेली.

रबरला वाद घालता आला असता. पण आई रात्री जेवली नव्हती, आणि सकाळी कामाला निघताना ती हमरस्ता सोडून मागच्या गल्लीने, दुप्पट लांबच्या वाटेने गेली. हे गच्चीवरून दिसलं.

शुक्रवारी मालक म्हणाले, "वेडी आहेस का? रविवारी उद्घाटन आहे. कळलं कुणाला?"

"आईला."

"मग आईला समजाव. कप्तानांना समजावण्यापेक्षा ते सोपं."

"तुम्ही आमच्या आईला ओळखत नाही," रबर म्हणाली.

मालकांनी हात वर केले. "मला छापायला काही हरकत नाही. कापड आहे, शाई आहे. पण काय छापायचं ते आण. अंग आण."

ती हमरस्त्यावर आली. सात घरांपैकी तिला नीट ओळखीचं एकच होतं. गॅरेजवाले काका फलक लागल्यापासून मुलाच्या खांबाखाली येऊन उभे राहत होते. दोन गाड्यांची कामं झाली की यायचे, हात पुसत वर बघायचे आणि परत जायचे. आत्ताही तिथेच होते.

"ये, ये," ते म्हणाले. "तूच केलास ना हा? काय उभा केलायस. मी गिऱ्हाइकांना सांगतो, जा, बघून या, मग ऑइल बदलतो."

तिने चार वाक्यं मनाशी जुळवली होती. त्यातलं एकच बाहेर पडलं. "काका, हे अंग त्याचं नाही."

"माहितीये की."

"माहितीये?"

"अगं, माझा पोरगा होता तो. हे एवढे खांदे? माझ्या इथे जॅक उचलायला दोन हात लागायचे त्याला. म्हटलं असेल कुणा मॉडेलचं. पण वर्दी ती वर्दी. जन्मभर त्याला ग्रीसने माखलेल्या कपड्यांत बघितलं, एकदा तरी असं बघायचं होतं. त्यालाही तेच हवं होतं." ते वर बघतच बोलत होते. "कुणाचं आहे?"

"माझ्या भावाचं."

काकांनी मान खाली केली. "कुठे असतो भाऊ?"

"चौकीवर. सीमेवर."

"म्हणजे नोकरीत आहे."

"हो."

काका हातातल्या फडक्याची घडी करत राहिले. रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि फलक जरासा फुगून परत खांबाला लागला.

"मग उतरव," ते म्हणाले. "ज्याला अजून त्या अंगाची गरज आहे, त्याचं मला नको."

"त्याचा गॅरेजमधला फोटो लावू या का? हसतोय तो छान आहे."

"नाही. वर्दीच पाहिजे. गॅरेजमधला मी रोज बघतो, टूल बोर्डवर लावलाय. वर्दीच लाव, पण दुसऱ्या कुणाची तरी. ज्याची नोकरी संपलीय अशा कुणाची."

हे बोलणं चालू असतानाच कप्तान आले. उद्घाटनाच्या आधीची पाहणी चालू होती. हात मागे बांधून ते खांबाखांबाशी थांबत येत होते. त्यांनी वर पाहिलं, भुवया जवळ घेतल्या, आणि मग सरळ रबरकडे वळले.

"तुम्ही छापखान्याच्या ना? मला एक सांगा. सावधानमध्ये अंगठा कुठे असतो?"

"बाहेर," ती म्हणाली. कालपासून तिला ते चांगलंच ठाऊक झालं होतं.

"बाहेर. पँटच्या शिवणीवर. मागे एक अंगठा आत दिसला, म्हटलं होतं चूक. पुढे आणखी एक. हा तिसरा. वेगवेगळ्या पलटणी, वेगवेगळी सालं आणि सगळ्यांची चूक एकच. यांना काय एकाच माणसाने कवायत शिकवली?"

"एकच माणूस आहे तो, साहेब," काका म्हणाले. "सात ठिकाणी उभा केलाय."

मग तिला सगळं सांगावं लागलं: मोकळी वर्दी, भरलेलं आभाळ, दादा, आई आणि मागची गल्ली. तिचं झालं तेव्हा कप्तान म्हणाले, "अट बदलणार नाही. आज सातांना सूट दिली तर पुढच्या वर्षी लोक सेल्फी आणतील."

"अट मोडा कोण म्हणतंय?" काका म्हणाले. "वर्दीच लावा. निवृत्त माणसाची लावा." आणि त्यांनी कप्तानांकडे वरपासून खालपर्यंत असं पाहिलं, जसं ते दुरुस्तीला आलेल्या गाडीकडे पाहत असत.

कप्तानांना उमगायला क्षणभर लागला. "मी?"

"तुमची वर्दी असेल की कपाटात."

"वर्दी आहे. पण ती ज्याची होती तो माणूस आता दीडपट झालाय." त्यांनी पोटावर हात ठेवला, जणू तो पुरावा. "हे कुठे ठेवणार तुम्ही?"

"ते मी काढते," रबर म्हणाली. "तेच माझं काम आहे."

कप्तान हसले नाहीत. खांबावरच्या मुलाकडे पाहत म्हणाले, "माझ्या हाताखालचे तिघे आहेत या रस्त्यावर. त्यातल्या एकाचा फोटो नव्हता. त्याला मीच सांगितलं होतं, फोटोला वेळ घालवू नकोस, आधी सामान बांध." मग घड्याळ पाहिलं. "उद्या सकाळी येतो. सात घरांना मी स्वतः जाऊन सांगेन. ते तुमचं काम नाही."

शनिवारी सकाळी ते छापखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत वर्दी घालून उभे राहिले. बाकीच्या सहा घरांचीही तक्रार नव्हती. एका घरातल्या बाईंनी फक्त बजावलं होतं की अंग कुणाचंही लावा, मिशीला हात लावू नका. आभाळ यावेळी स्वच्छ होतं, म्हणून मालकांनी आणि यंत्रावरच्या माणसाने दोन बाजूंनी पांढरं कापड ताणून धरलं आणि उजेड मऊ केला. सगळं जुळत आलं होतं, फक्त मधली दोन बटणं काजांपासून चार बोटं लांब होती.

"पाठीची शिवण उसवा," दारातून आवाज आला. "समोरून कोण बघतंय मागे काय आहे ते."

आई होती. धुलाईघरातून सुट्टी घेऊन आली होती आणि दातांत टाचण्या धरून होती. रात्री रबरकडून तिला सगळं कळलं होतं, पण कुणी बोलवलं होतं असं नाही. तिने कप्तानांना वळवलं, परवानगी वगैरे न विचारता पाठीची शिवण कॉलरपासून कमरेपर्यंत उसवली, समोरची बटणं लावली आणि मागे दोन्ही कडांना टाचण्यांनी कापडाची पट्टी जोडली.

कप्तानांनी श्वास रोखून पोट आत ओढलं.

"सोडा श्वास," आई म्हणाली. "खांदे वर जातात त्याने. पोट काय, ती काढेल."

"तुमच्या मुलाला फोन होतो का?"

"महिनाअखेरीला. वरून खाली येतो तेव्हा."

"कुठे आहे तो?"

"सांगत नाही. थंडी आहे एवढंच सांगतो. मोजे पाठव म्हणतो."

"लोकरीचे पाठवू नका, सुती पाठवा. लोकरीचे तिकडे मिळतात, सुती मिळत नाहीत." कप्तान समोर बघतच बोलत होते. "आणि मोठ्या मापाचे. एकावर एक घालावे लागतात."

आईने मान हलवली. मग समोर येऊन एकदा नीट पाहिलं, कॉलर सरळ केली आणि बाजूला झाली. रबरने फोटो काढले. अंगठे शिवणीवर, जागच्या जागी.

दुपारपर्यंत तिने पोट काढलं आणि सातही चेहरे नव्या अंगावर बसवले. यावेळी प्रत्येकाचे खांदे तिने थोडे वेगळे केले. काकांच्या मुलाचे अरुंद केले, मिशीवाल्यांचे तसेच ठेवले. हे पहिल्यांदा का सुचलं नव्हतं ते तिलाही सांगता आलं नसतं. यंत्रातून फलक निघत गेले आणि पालिकेची माणसं शिडी घेऊन ते लावत गेली. उतरवलेले जुने सात त्यांनी छापखान्याच्या फरशीवर आणून टाकले.

आई घरी गेलीच नव्हती. काकाही आले होते. जुन्या फलकांभोवती सगळे उभे राहिले.

"यांचं काय करता तुम्ही?" काकांनी विचारलं.

मालकांनी मान खाजवली. उतरलेले फलक दरवेळी भाजीवाले नेत, पाल बांधायला, नाहीतर कुणी स्कूटरवर टाकायला. हे ते बोलले नाहीत.

"मला त्याचा चेहरा द्या," काका म्हणाले. "खालचं तुमचं आहे."

रबरने आईकडे पाहिलं. आईने टेबलावरची मोठी कात्री घेतली आणि फरशीवर गुडघे टेकून बसली. चादरी कापायची सवय असलेला हात होता. कॉलरच्या रेषेवरून एका दमात, न थांबता तिने कापलं आणि चेहऱ्याचा तुकडा गुंडाळून काकांच्या हातात दिला.

"भाऊ, सांभाळून. दुमडू नका, रेघ पडेल."

"नाही दुमडत, ताई," काका म्हणाले आणि तो तुकडा दोन्ही हातांवर आडवा धरून गेले.

बाकीचे सहा चेहरेही तिने तसेच कापले आणि ज्याच्या त्याच्या घरी द्यायला कप्तानांसाठी टेबलावर ठेवले. मग फरशीवर सात धडं उरली. एकाच माणसाची सात धडं, मुठी आवळलेली. आई त्यांच्याकडे बघत उभी राहिली, पण आता ती वाट चुकवून मागच्या गल्लीने जाणारी वाटत नव्हती. कामाचा ढीग समोर असलेल्या बाईसारखी वाटत होती.

"घरी नेऊ या," ती म्हणाली. "तो आला की त्याचं तो ठरवेल. माळ्यावर जागा आहे."

"सात?"

"सात. एक तरी इथे कसा सोडणार?" तिने पहिल्याची दोन टोकं हातात घेतली. "धर तिकडून. टोकाला टोक लाव. असं नाही, छापलेली बाजू आत."

रबरने दुसरी दोन टोकं धरली, आणि दोघी समोरासमोर येत, मागे जात, इस्पितळाच्या चादरींसारखी एकेकाची घडी घालू लागल्या.